वेगाचा हिशोब ठेवणारा मुनीम : मोटारीतील ‘क्रूझ कंट्रोल’ कसे चालते?

आपल्या व्यापारी बिरादरीत मोटारगाडी ही आता निव्वळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. आज मालेगाव, उद्या सुरत, परवा इचलकरंजी अशा फेऱ्या करणाऱ्याला ती दुकानाच्या तराजूइतकीच गरजेची झाली आहे. नवी गाडी पाहायला गेले की विक्रेता स्टिअरिंगवरील दोन-तीन बटणे दाखवून मोठ्या कौतुकाने सांगतो, ‘साहेब, यात क्रूझ कंट्रोल आहे.’ अशा सोयींपायी वरच्या मॉडेलचे जास्तीचे पैसेही मोजले जातात. परंतु ही सोय नेमके काय करते, आणि काय करत नाही, हे विचारणारे फार थोडे. ‘बटण दाबले की गाडी आपोआप चालते’ असा समज करून घेतलेले लोकही आम्ही पाहतो. हा गैरसमज जिवावर बेतणारा आहे.

दुसरीकडे आपल्या समाजातील कितीतरी तरुण गॅरेजच्या धंद्यात आहेत. पाना आणि स्क्रू-ड्रायव्हरवर जुन्या गाड्या दुरुस्त करण्याचा त्यांचा हुनर वाखाणण्यासारखा आहे, पण नव्या गाड्यांत तारेची जागा सेन्सरने घेतली. त्यामागचे तत्त्व ज्याला समजेल त्याचाच धंदा पुढे टिकेल. म्हणून या लेखात आम्ही क्रूझ कंट्रोलचे काम, जमेल तितक्या सोप्या शब्दांत आणि आपल्याच धंद्यातील उदाहरणे घेऊन, मांडत आहोत.

काम फक्त एकच

साधे क्रूझ कंट्रोल एकच काम करते. चालकाने ठरवून दिलेला वेग ते कायम ठेवते. ताशी ८० किलोमीटर वेग ठरवून दिला, की चढ आला तर ते इंजिनला जास्त हवा-इंधन देते, उतार आला तर कमी करते. चालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी वेग ८० च्या आसपास राहतो. स्टिअरिंग ते फिरवत नाही, रस्ता ते पाहत नाही. ते मालक नाही, मुनीम आहे. मालकाने आकडा सांगायचा आणि मुनिमाने तो सांभाळायचा, एवढाच हा मामला आहे.

कल्पना जुनीच आहे

‘मोजा, ठरलेल्या आकड्याशी ताडून पाहा आणि फरक असेल तर दुरुस्त करा’ ही कल्पना मोटारीपेक्षा कितीतरी जुनी आहे. मशिदीच्या वजूखान्याच्या टाकीत तरंगता गोळा असतो. पाणी कमी झाले की गोळा खाली येतो आणि नळ उघडतो, टाकी भरली की गोळा वर येऊन नळ बंद करतो. माणूस उभा करावा लागत नाही. क्रूझ कंट्रोलचे मूळ तत्त्व यात पुरते आले.

अशा स्वयंचलित युक्त्यांच्या इतिहासात आपल्या पूर्वजांचे नाव मानाने घेतले जाते. इसवी सनाच्या नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद, अहमद आणि हसन हे तीन भाऊ होऊन गेले. ते ‘बनू मूसा’ म्हणून ओळखले जातात. त्यांच्या ‘किताबुल हियल’ या ग्रंथात सुमारे शंभर युक्त्यांचे वर्णन आहे. पाण्याची पातळी आपोआप राखणारी भांडी आणि आपोआप तेल घेणारे दिवे त्यात आहेत. पुढे अल-जझरी यांनी दियारबकरच्या दरबारात काम करताना १२०६ मध्ये आपला यंत्रांवरील ग्रंथ पूर्ण केला. त्यांच्या पाणघड्याळांत पाण्याचा प्रवाह एकसारखा ठेवण्यासाठी तरंगत्या गोळ्याचाच उपयोग केलेला आहे.

वेगाच्या बाबतीत ही कल्पना युरोपात बळावली. जेम्स वॅट याने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला ‘गव्हर्नर’ बसवला. दोन जड गोळे एका दांड्याभोवती फिरत असत. इंजिन वेगाने फिरू लागले की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप थोडी बंद होई. वेग कमी झाला की गोळे आत येत आणि झडप उघडे. एकसारखा वेग किती महत्त्वाचा, हे आपल्या कापडवाल्यांना वेगळे सांगायला नको. यंत्राला झटका बसला की सूत तुटते आणि माल खराब होतो. गिरण्यांना असा गव्हर्नर हवाच होता.

अंध इंजिनिअरची देणगी

मोटारीसाठी ही सोय शोधून काढली ती अमेरिकेच्या राल्फ टीटर या इंजिनिअरने, आणि हा इंजिनिअर अंध होता. टीटर यांचा जन्म १८९० मध्ये इंडियाना राज्यातील हेगर्सटाउन येथे झाला. वयाच्या पाचव्या वर्षी अपघातात त्यांची दृष्टी गेली. तरीही १९१२ मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून इंजिनिअरिंगची पदवी घेतली. पहिल्या महायुद्धाच्या काळात नौदलाच्या जहाजांतील टर्बाइनचे फिरते भाग समतोल करण्याचे अवघड काम त्यांनी हाताच्या स्पर्शावर केले. पिस्टन रिंग बनवणाऱ्या ‘परफेक्ट सर्कल’ या कंपनीचे ते पुढे अध्यक्ष झाले.

असे सांगतात की, त्यांचे वकील मित्र गाडी चालवताना बोलू लागले की वेग कमी करीत आणि ऐकू लागले की वाढवीत. शेजारी बसलेल्या टीटर यांना हे झटके सहन होईनात. डोळ्यांनी रस्ता दिसत नसल्याने वेगातील चढउतार त्यांना शरीराला जास्तच जाणवत असावेत. त्यांनी वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि १९५० मध्ये त्यांना या यंत्राचे पेटंट मिळाले. १९५८ मध्ये क्रायस्लर कंपनीने ते आपल्या महागड्या गाड्यांत ‘ऑटो-पायलट’ या नावाने दिले. ‘क्रूझ कंट्रोल’ हे नाव पुढे कॅडिलॅक गाड्यांमुळे रूढ झाले. १९७३ च्या तेलटंचाईनंतर इंधन वाचवण्याचा उपाय म्हणून या सोयीला मागणी वाढली. टीटर १९८२ मध्ये वारले.

तीन भाग, तीन कामे

आता प्रत्यक्ष यंत्राकडे वळू. क्रूझ कंट्रोलचे तीन भाग समजले की बाकी सर्व समजते.

पहिला भाग मोजणारा. चाकाजवळ दातांची किंवा चुंबकाची एक कडी फिरत असते आणि तिच्यासमोर सेन्सर बसवलेला असतो. प्रत्येक दात समोरून गेला की सेन्सर विजेचा एक ठोका पाठवतो. समजा, कडीला ४८ दात आहेत आणि चाकाचा घेर १.९ मीटर आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला सुमारे १२ वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला साडेपाचशेहून जास्त ठोके मिळतात. ठोके मोजले की वेग कळला.

दुसरा भाग ताडून पाहणारा. हा एक छोटा संगणक असतो. आलेला वेग आणि चालकाने ‘सेट’ केलेला वेग यांतील फरक तो सेकंदाला अनेक वेळा काढतो.

तिसरा भाग दुरुस्त करणारा. जुन्या गाड्यांत ॲक्सिलरेटरपासून इंजिनच्या थ्रॉटल झडपेपर्यंत तार असे. क्रूझ असलेल्या गाडीत त्याच झडपेला दुसरी एक तार जोडलेली असे. ही तार एक डबी ओढे. डबीत रबरी पडदा असे आणि इंजिनच्या हवा ओढण्याच्या जोरावर तो पडदा मागेपुढे होई. काही गाड्यांत डबीऐवजी विजेची छोटी मोटर असे. आजच्या गाड्यांत ही तारच राहिलेली नाही. पेडलखाली सेन्सर असतो, पेट्रोल गाडीत थ्रॉटल झडपेला मोटर असते आणि डिझेल गाडीत संगणकच इंधनाचे माप ठरवतो. त्यामुळे अशा गाडीत क्रूझसाठी वेगळे यंत्र जवळजवळ लागतच नाही. बटणे आणि संगणकातील काही सूचना एवढ्यावर काम भागते.

मुनीम हिशोब कसा करतो?

फरक कळला, पण झडप किती उघडायची? खरी कारागिरी येथे आहे. संगणक तीन प्रकारे हिशोब करतो.

पहिला प्रकार, आजचा फरक. जितकी तूट तितकी दुरुस्ती. समजा, सपाट रस्त्यावर ताशी ८० वेगासाठी झडप २० टक्के उघडी लागते, आणि नियम असा की प्रत्येक १ किलोमीटर तुटीला झडप २ टक्के जास्त उघडायची. आता लांब चढ आला आणि त्यासाठी ३० टक्के झडप लागते. वेग ७५ वर आला की तूट ५ झाली, झडप १० टक्क्यांनी जास्त उघडली आणि ३० टक्के झाली. गाडी ७५ वर स्थिर राहिली. पण ती ८० वर परत येणार नाही. कारण तूट संपली तर जास्तीची १० टक्के झडपही बंद होईल. म्हणजे नुसत्या या हिशोबाने थोडी तूट कायम उरते.

दुसरा प्रकार, साचलेला फरक. गल्ल्यात रोज १० रुपये कमी पडत असतील तर एका दिवशी कोणी लक्ष देत नाही. महिनाअखेर ३०० रुपयांची तूट दिसली की मालक कारण शोधतोच. संगणकही छोट्या तुटीची अशीच बेरीज करीत जातो. बेरीज वाढत गेली की झडप आणखी उघडतो आणि वेग पुन्हा ८० वर आणतो. उरलेली तूट अशा रीतीने भरून निघते.

तिसरा प्रकार, फरक बदलण्याचा वेग. एखाद्या गिऱ्हाइकाची उधारी आज थोडीच आहे, पण दर आठवड्याला झपाट्याने वाढत असेल, तर हुशार व्यापारी रक्कम मोठी होण्याची वाट पाहत नाही. संगणकही पाहतो की वेग किती झपाट्याने घसरतो आहे, आणि आधीच हात पुढे करतो. तसेच वेग ८० च्या जवळ जोरात येत असेल तर आधीच हात आखडता घेतो, म्हणजे गाडी ८५ वर जाऊन पुन्हा खाली येण्याचा हेलकावा टळतो. बऱ्याच गाड्यांत पहिल्या दोन प्रकारांवरच भागते.

यंत्रमागावर काम करणारे आपले बांधव हे रोज हाताने करतात. साध्या मागावर ताण्याच्या बीमला वजने लावून ताण ठेवलेला असतो. सूत संपत जाऊन बीम बारीक झाला की तेवढ्याच वजनाने ताण वाढू लागतो, म्हणून कारीगर वजन सरकवतो किंवा कमी करतो. येथे मोजणारे बोट, ताडून पाहणारी अक्कल आणि दुरुस्त करणारा हात, तिन्ही त्या कारीगराचेच. क्रूझ कंट्रोलमध्ये ही तीन कामे यंत्रावर सोपवलेली आहेत.

ताबा परत घेणे

मुनिमाच्या हातून चावी केव्हाही काढून घेता आली पाहिजे. म्हणून ब्रेकच्या पेडलला स्विच असतो. ब्रेकला पाय लागला की क्रूझ तत्काळ सुटते. गिअर हाताने बदलण्याच्या गाडीत क्लच दाबला तरी सुटते. ‘कॅन्सल’ बटणाने सुटते आणि ‘रिझ्यूम’ दाबले की पूर्वी ठरवलेला वेग पुन्हा धरते. येथे एक ध्यानात ठेवावे. टोलनाक्यानंतर गर्दीत असताना ‘रिझ्यूम’ दाबले तर गाडी जुन्या वेगाकडे धाव घेते. पुढचा रस्ता पाहूनच ते बटण दाबावे. तसेच ठरावीक वेगापेक्षा कमी असताना, अनेक गाड्यांत ताशी साधारण ४० किलोमीटरच्या खाली, साधे क्रूझ लागतच नाही.

टेम्पो आणि ट्रकमधील ‘स्पीड गव्हर्नर’ ही वेगळी चीज आहे. ठरावीक प्रकारच्या व्यावसायिक वाहनांना तो कायद्याने लागतो. तो वेग राखत नाही, फक्त मर्यादेच्या वर जाऊ देत नाही. दोन्हींत गल्लत करू नये.

मुनिमाला काय कळत नाही?

आमच्या मते प्रत्येक चालकाने पाठ करावा असा हा भाग आहे. यंत्राला जे मोजायला दिले तेवढेच त्याला कळते. साध्या क्रूझला फक्त चाकाचा वेग कळतो.

पावसात रस्त्यावर पाणी साचले असेल तर पाण्याच्या अडथळ्याने वेग घसरतो. क्रूझला वाटते चढ आला, आणि ते जोर वाढवते. शहाणा माणूस नेमक्या त्याच क्षणी जोर कमी करील. म्हणून ओल्या, चिखलाच्या किंवा वाळू सांडलेल्या रस्त्यावर क्रूझ लावू नये.

घाट उतरताना साधे क्रूझ झडप पूर्ण बंद करते, पण ब्रेक लावत नाही. उतार मोठा असेल तर गाडी ठरलेल्या वेगाच्या पुढे जाते. वळणाचा तर त्याला पत्ताच नसतो. घाटात क्रूझ बंद ठेवावे. शहरातील गर्दीत तर त्याचा विचारही करू नये.

सर्वांत मोठा धोका चालकाच्या डोळ्यांवर येतो. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि त्याचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. अशा सरळ, मोकळ्या रस्त्यावर पायालाही काम उरले नाही की मन सुस्त होते आणि उघड्या डोळ्यांनी झापड येते. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर ८० मीटरहून जास्त अंतर गाडी चालकाविना गेली. पाय थकला असेल तर क्रूझ लावावे. झोप येत असेल तर ते लावून उपयोग नाही, गाडी सुरक्षित जागी थांबवून झोपच घ्यावी. आम्ही तर म्हणू की नमाजाच्या वेळा धरूनच प्रवास आखावा. प्रवासात कसरची सवलत आहेच, थोड्या वेळात नमाज होते, पाय मोकळे होतात आणि बरोबरच्या ड्रायव्हरलाही हक्काची विश्रांती मिळते. पगारी ड्रायव्हरला रात्रभर पळवून ‘गाडीत क्रूझ आहे, थकणार नाही’ असे म्हणणाऱ्या मालकाने आपल्या जबाबदारीचा हिशोब एकदा स्वतःशी करावा.

पुढची गाडी पाहणारे क्रूझ

आता ‘ॲडाप्टिव्ह’ क्रूझही आले आहे. यात गाडीच्या पुढील भागात रडार असते आणि अनेकदा काचेमागे कॅमेराही असतो. रडारने सोडलेल्या लहरी पुढच्या गाडीवर आपटून परत येतात. परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर कळते, आणि लहरींत किती बदल झाला यावरून पुढची गाडी जवळ येते आहे की दूर जाते आहे ते कळते. अंतर कमी झाले तर यंत्र वेग कमी करते आणि गरज पडल्यास ब्रेकही लावते. मर्सिडीज कंपनीने १९९९ मध्ये रडारवर चालणारे असे क्रूझ दिले. भारतात बनणाऱ्या गाड्यांतही आता ते मिळते.

म्हणजे या मुनिमाला दोन खाती सांभाळता येतात, वेगाचे आणि अंतराचे. तरीही तो मुनीमच. रस्त्यात आधीपासून उभे असलेले वाहन त्याला ओळखता येईलच असे नाही, अशी ताकीद अनेक गाड्यांच्या पुस्तिकेतच दिलेली असते. आपल्याकडे रात्री दिव्याविना उभा असलेला ट्रक, उलट दिशेने येणारी मोटारसायकल, अचानक आडवी येणारी गुरे हे नेहमीचेच आहे. म्हणून पाय ब्रेकजवळ आणि नजर रस्त्यावर, यात बदल नाही.

इंधनाची बचत होते का?

होते, पण शर्त आहे. सपाट, मोकळ्या रस्त्यावर वेग एकसारखा राहिला तर वारंवार वेग वाढवण्यात जाणारे इंधन वाचते. मात्र हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० वेग ठेवला तर हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो. म्हणून क्रूझ १०० वर लावून बचतीची आशा करण्यापेक्षा ८० वर लावलेले बरे. चढउताराच्या रस्त्यावर मात्र, चढावर वेग थोडा कमी होऊ देणारा जाणता चालक क्रूझपेक्षा कमी इंधनात गाडी नेऊ शकतो.

गॅरेजवाल्या बांधवांसाठी

क्रूझ लागत नाही म्हणून गाडी आली, तर संगणक बदलण्याची घाई करू नये. तीन भागांच्या क्रमाने जावे.

१) प्रथम सुटण्याचे स्विच पाहावेत. ब्रेक न दाबता मागचा ब्रेक दिवा पेटतो का? दाबल्यावर पेटतो का? ब्रेकचा स्विच बिघडला तर संगणकाला वाटते पाय ब्रेकवरच आहे. क्लचचा स्विचही तपासावा.

२) मग मोजणारा भाग. एबीएसचा दिवा पेटलेला असेल तर चाकाचा सेन्सर, त्याची तार किंवा दातांच्या कडीवरील घाण पाहावी.

३) मग दुरुस्त करणारा भाग. जुन्या गाडीत हवेच्या रबरी नळ्या चिरल्या आहेत का, तार अडकते का ते पाहावे. नव्या गाडीत थ्रॉटल झडपेवर काजळी बसली आहे का ते पाहावे.

४) स्टिअरिंगवरील बटणे आणि त्यांची तार शेवटी तपासावी. तेथे एअरबॅग असते, म्हणून बॅटरी सोडवून, कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबून मगच हात घालावा.

५) बाहेरून क्रूझचा संच बसवून द्या असे गिऱ्हाईक म्हणाले, तर ब्रेक लावताच तो सुटतो याची खात्री झाल्याशिवाय गाडी ताब्यात देऊ नये. गाडीच्या वॉरंटीचे काय होईल तेही त्याला आधी सांगावे. चार पैसे कमी मिळाले तरी चालतील.

हा क्रम फक्त क्रूझपुरता नाही. गाडीचा वातानुकूल असो, घरचा फ्रिज असो की नव्या मागावरील ताण राखणारे यंत्र असो, सर्वत्र मोजणे, ताडून पाहणे आणि दुरुस्त करणे याच तीन पायऱ्या आहेत. ज्या तरुणाने एका यंत्रात त्या ओळखल्या, त्याला दुसरे यंत्र परके वाटणार नाही. आपल्या वस्त्यांतील उस्तादांनी आपल्या शागिर्दांना पाना हाती देताना हे तत्त्वही शिकवावे. आणि ज्यांच्या गाडीत क्रूझ कंट्रोल आहे त्यांनी गाडीची पुस्तिका काढून त्यावरील पाने पुढच्या प्रवासाआधी एकदा वाचावीत, ही आमची विनंती. अल्लाह सर्वांचा प्रवास सुखरूप करो.